पेट्रोलात ऊस, डिझेलात पाम, विमानात भज्यांचं तेल : जगात जैवइंधनाचं पुढं काय?

मळीवाला | रविवार, रात्री ११.१०

मंडळी,

मागच्या आठवड्यात ऑफिसात नवीन आलेल्या एका पोरानं टपरीवर विचारलं, सर सगळं इलेक्ट्रिक होणार म्हणजे आपली लाइन संपली ना? मी म्हटलं थांब सांगतो, आणि चहा संपला, दुसरा कटिंग आला, तोही संपला तरी माझं सांगणं काही संपेना. म्हणून धागा काढतोय. माझं काम डिस्टिलऱ्या उभारायचं (आसवनी हा शब्द फक्त सरकारी पत्रात भेटतो), वीस वर्षं झाली. मळी, मका, तांदूळ सगळ्यावरचे प्लांट केलेत आणि मधे सव्वा वर्ष ब्राझीलला साओ पाउलो राज्यात होतो.

तिथूनच सुरू करतो. तिथं पंपावर दोन नोझल असतात, एकावर गॅसोलिना म्हणजे पेट्रोल, एकावर एतानोल म्हणजे इथेनॉल, उसापासून काढलेला अल्कोहोल. माझ्याबरोबरचा फोरमन गाडी आत घ्यायच्या आधी भावाच्या बोर्डाकडं बघायचा आणि मनातल्या मनात भागाकार करायचा. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, वर गेला की पेट्रोल. कारण लिटरमागं इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. आणि तिथलं पेट्रोल पण नुसतं पेट्रोल नाहीच, २०१५ पासून त्यात २७ टक्के इथेनॉल होतं, ऑगस्ट २०२५ पासून ३०. दुसऱ्या नोझलमधून जे इथेनॉल येतं त्यात पाचेक टक्के पाणी असतं तरी गाडी बिनतक्रार चालते, कारण गाडीच तशी बनवलेली.

ऐकून वाटतं काय दूरदृष्टीचे लोक. तसं काही नाही हो. १९७३ ला तेल भडकलं, त्यानंतर साखरेचा भाव पडला, ऊस गळ्यात आला, म्हणून १९७५ ला सरकारनं प्रोआल्कोल योजना आणली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला नव्या दहा गाड्यांतल्या नऊ नुसत्या अल्कोहोलवरच्या होत्या. मग १९८९ ला साखर वधारली, कारखाने साखरेकडं वळले, पंप कोरडे पडले. फोरमनचे वडील त्या रांगेत उभे राहिलेले, त्यांनी पुढं आयुष्यात अल्कोहोलची गाडी घेतली नाही. २००३ ला दोन्ही पिणारी फ्लेक्स गाडी आली तेव्हा कुठं लोक परत फिरले.

माझं म्हणणं असं आहे की जैवइंधन हा मुळात सांडवा आहे. धरण भरलं की पाणी सोडायला. ब्राझीलचा ऊस, अमेरिकेचा मका, इंडोनेशियाचं पाम, आपली साखर, ज्याचं जे तुंबलं ते त्यानं टाकीत ओतलं. पण सांडव्याखाली कुणी एकदा बागायत केली की तो दुष्काळातपण पाणी मागतो, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते.

आज जगात वाहतुकीला जेवढी ऊर्जा लागते त्यात द्रव जैवइंधन चार टक्क्यांच्या आसपास. वाढणार हे नक्की, पण वाढ मुख्यतः ब्राझील, इंडोनेशिया, भारत आणि विमानात. प्लांटचं काही नाही, प्लांट आम्ही दीड-दोन वर्षात उभा करून देतो. त्यात घालायचं काय, हे बोला.

रिकामटेकडा | रविवार, रात्री ११.१६

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तेवढा मका तरी राहू द्या.

हेल्मेट_घाला | रविवार, रात्री ११.२५

ब्राझील राहूदे दादा, आधी माझ्या बाईकचं बोला. २०१४ ची आहे, ५२ द्यायची आता ४७ देते. सर्व्हिसिंगवाला म्हणतो हवा चेक करा, हवा तर मी दर रविवारी चेक करतो. पंपावर २० टक्के दुसरंच काहीतरी भरतात आणि भाव मात्र पुरा पेट्रोलचा. तुमच्या फोरमनला निदान भागाकार करायला बोर्ड तरी आहे, मला कुणी विचारलं का?

मळीवाला | रविवार, रात्री ११.४८

@हेल्मेट_घाला, तक्रार रास्त आहे पण गणित पूर्ण करू. नीती आयोगाचा २०२१ चा रोडमॅप आहे त्यात लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल, दुचाकीचं ३ ते ४. म्हणजे ५२ चे ५० व्हायला पाहिजेत. ४७ म्हणजे मधले तीन किलोमीटर दुसरीकडं कुठंतरी सांडतायत. कार्बोरेटर उघडून बघायला सांगा, इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं आणि ती जाऊन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, बसते, शिवाय जुन्या रबराच्या नळ्या फुगतात. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं तर वेगळाच ताप, पाणी आणि इथेनॉल एक होऊन खाली बसतं आणि गाडी नेमकं तेच ओढते.

भावाचं म्हणाल तर इथेनॉल स्वस्त असेल ही अपेक्षाच आता खोटी ठरलीय. २०२४-२५ ला मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या लिटरला ७१ रुपये ८६ पैसे देत होत्या. कर लागायच्या आधीचं पेट्रोल तेव्हा त्यापेक्षा स्वस्त पडत होतं. त्यामुळं सूट कुठून देणार. पण २० टक्क्यांशिवाय दुसरं नोझलच नसणं हे मलाही पटत नाही.

बापू_वाळव्याचा | सोमवार, सकाळी ७.०५

सांडव्याचं उदाहरण लई भारी दिलं सायेब. आमी त्या सांडव्याखालचंच. आमच्या भागातल्या एका कारखान्यानं व्याज सवलतीचं कर्ज काढून डिस्टिलरी वाढवली, सभेत सांगितलं की साखर आता जोडधंदा, खरा पैसा इथेनॉलचा. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला, ऑगस्ट कोरडा गेला, ऊस वीतभर कमी. आन ७ डिसेंबरला दिल्लीवरनं आदेश, रसापासनं इथेनॉल बंद. गाळप सुरू हुतं वो! टाक्या भरलेल्या. माझा भाचा तितं पाळीवर असतो, तो सांगत हुता मॅनेजर फोन कानाला लावून नुसता या टाकीकडनं त्या टाकीकडं चालत हुता. पुढं थोडी सूट दिली, १७ लाख टन साखरेएवढी, पण तवर ज्याचं व्हायचं ते झालं.

आन भावाचं सांगतो. एफआरपी, म्हंजे सरकारनं ठरवल्याला उसाचा भाव, २०१८-१९ ला क्विंटलला २७५, आता २०२५-२६ ला ३५५. झाली वाढ, झाली न्हाई म्हणत न्हाई. पण साखरेचा किमान भाव २०१९ च्या फेब्रुवारीपासनं ३१ वरच अडकलाय, रसाच्या इथेनॉलचा दर ६५ रुपये ६१ पैसे २०२२-२३ पासनं तितंच. मग कारखाना आमचं बिल कुठनं देणार? उशीर हुतोयच की.

आता तर २०२५-२६ ला तेल कंपन्यांनी मागितलं १,०५० कोटी लिटर आन ऑफर आल्या १,७७६ कोटी लिटरच्या. त्यात ऊसवाल्यांच्या वाट्याला २८ टक्के. बाकी समदं धान्यवाले घिऊन गेले. दुकान आमच्या नावानं काढलं आन गल्ल्यावर दुसराच बसला.

अंडेवाला_संगमनेर | सोमवार, सकाळी ९.३०

बापू, धान्यवाले म्हणजे आम्ही नव्हे बरं का, आम्ही पोल्ट्रीवाले. आम्हीपण रडतोय. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याच्या वर मका असतो. आधी मक्याचं गिऱ्हाईक आम्हीच आणि स्टार्चवाले. आता डिस्टिलरीची गाडी मंडईत उभी राहिली की आडत्या आमचा फोनच उचलत नाही. जो देश मका बाहेर पाठवायचा त्याला २०२४ ला बाहेरून मागवायची पाळी आली.

मग म्हणे डीडीजीएस वापरा, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा, प्रोटीन भरपूर आणि स्वस्त. घेतला. पहिली गाडी छान पिवळी आली, वास भाकरीसारखा. दुसरी आली ती कॉफीसारखी काळपट, जळका वास. दहा दिवसांत अंडी खाली आली, पक्षी मलूल. डॉक्टरांनी सॅम्पल लॅबला पाठवलं, अफ्लाटॉक्सिन. कारण साधंय, मक्यात पिठूळ भाग दोन तृतीयांशाच्या वर, तो दारू होऊन गेला की मागं जे राहतं ते तिप्पट घट्ट होतं, प्रोटीनपण तिप्पट आणि बुरशीचं विषपण तिप्पट. पावसात भिजलेला मका डिस्टिलरीला चालतो, त्याचा चोथा माझ्या पक्ष्याला चालत नाही. आता प्रत्येक गाडीला टेस्ट केल्याशिवाय उतरवत नाही.

सोयाबीन_पाटील | सोमवार, सकाळी १०.१०

लातूरकडून बोलतोय. ह्याच डीडीजीएसनं आमचा घात केला राव. कोंबडीखाद्यात जाणाऱ्या सोयापेंडीला उठाव नाही म्हणजे सोयाबीनला भाव नाही. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२, बाजारात चार हजार-बेचाळीसशेला मिनत्या. बाकी कारणं पण आहेत, ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक वगैरे, पण पेंडीची जागा चोथ्यानं घेतली हे व्यापारी तोंडावर सांगतात. मक्याचा शेतकरी सुखी म्हणून इकडं बातमी येते आणि आम्ही पेरायचं काय म्हणून डोकं धरून बसतो. यंदा मीपण चार एकर मका केलाय, लष्करी अळीला तोंड देत.

आयोवाकर | सोमवार, सकाळी १०.४२

नमस्कार, इथे रात्र आहे पण हा धागा बघून झोप उडाली. मी गेली अकरा वर्षं अमेरिकेतल्या आयोवात आहे, मुळात सोलापूरचा. जुलैत इथे गाडी काढली की दोन तास दोन्ही बाजूला मकाच मका, आणि मधेच एखाद्या प्लांटची पांढरी वाफ. अमेरिका वर्षाला साधारण ६,००० कोटी लिटर इथेनॉल काढते, जगात एक नंबर, देशातल्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त त्यात जातो. एक बुशेल म्हणजे पंचवीसेक किलो मका, त्यातून पावणेअकरा लिटर इथेनॉल आणि आठेक किलो तोच तो चोथा. इथे तो थेट गाईगुरांना जातो, संगमनेरच्या दादांचा प्रॉब्लेम इथेही आहे पण डेअरी-बीफवाले मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे खपून जातो.

मळीवाल्यांच्या सांडव्याला दुजोरा देतो. २००५ चा आणि मग २००७ चा कायदा, त्यात २०२२ पर्यंत ३,६०० कोटी गॅलन जैवइंधन करायचं ठरलेलं आणि त्यातलं १,६०० कोटी गॅलन कडब्या-चिपाडांपासून. चिपाडांचा आकडा कागदावरच राहिला. माझ्या गावापासून थोड्या अंतरावर नेवाडा म्हणून गाव आहे, तिथे ड्यूपॉन्टनं २०१५ ला मक्याच्या ताटांपासून इथेनॉल काढायचा भलामोठा कारखाना उघडला, २०१७ ला बंद. मी तिथून जायचो तेव्हा ताटांचे गोल गठ्ठे उन्हापावसात मैदानभर पडलेले असायचे. पुढे एका जर्मन कंपनीनं तो घेतला आणि आता तिथे गॅस करतात.

इथला पेच वेगळाच आहे. पेट्रोलचा खप वाढत नाही, गाड्या कमी पितात आणि काही इलेक्ट्रिक झाल्या. १० टक्के मिसळून झालं, आता १५ टक्के बारमाही विकू द्या म्हणून दर उन्हाळ्यात वॉशिंग्टनला दारं ठोठावणं चालू असतं. म्हणून आता सगळ्यांचा डोळा विमानावर. त्यासाठी इथेनॉलचा कार्बन हिशोब खाली आणायला प्लांटमधला कार्बन डायऑक्साइड पाइपनं नॉर्थ डकोटात नेऊन जमिनीत पुरायचा बेत. शेतकऱ्यांनीच आडवा पाय घातला, माझ्या शेतातून पाइप नको. साउथ डकोटानं तर मार्च २०२५ ला अशा पाइपसाठी सक्तीनं जमीन घ्यायला बंदीच केली. म्हणजे मका विकणारा आणि पाइप अडवणारा माणूस एकच.

शंकासुर | सोमवार, दुपारी १.१५

सगळे आपापल्या पिकाचं रडगाणं गातायत पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही की ह्यानं कार्बन खरंच कमी होतो का. २००८ ला सर्चिंजर नावाच्या संशोधकाचा आणि मंडळींचा ‘सायन्स’ या नियतकालिकात पेपर आला होता, साधा मुद्दा, तुम्ही इथला मका जाळला तर तो खाणारा दुसरीकडं जंगल तोडून मका पिकवणार, मग त्या जंगलाचा धूर कुणाच्या खात्यात? त्यावर अजून भांडणं चालू आहेत, आकडे वरखाली होतात, पण मुद्दा मेलेला नाही. युरोपनं त्यामुळेच पामपासूनचं डिझेल २०३० पर्यंत हद्दपार करायचं ठरवलं. आणि पाण्याचं काय? त्याच नीती आयोगाच्या अहवालात लिहिलंय की साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी. मराठवाड्यात टँकर आणि टँकरच्या मागं उसाची ट्रॉली हे चित्र आपण सगळ्यांनी बघितलंय.

जकार्ताची_जाऊबाई | सोमवार, दुपारी २.३०

शंकासुर, युरोपनं हद्दपार केलं म्हणून इथे काही अडलं नाही हो. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं जकार्तात आहे. युरोप नाही घेत तर आपल्याच ट्रकना पाजू असा सरळ हिशोब. २०२३ ला डिझेलमध्ये ३५ टक्के पामचं बायोडिझेल, २०२५ ला ४० टक्के, त्यासाठी वर्षाला १,५६० कोटी लिटर लागतं, आणि पुढं ५० चं चाललंय. डिझेलपेक्षा ते महाग पडतं, मग फरक कुठून भरतात? पामतेल बाहेर पाठवणाऱ्यावर कर लावतात, मे २०२५ ला तो साडेसातवरून १० टक्के केला. बाहेरून घेणारा मोठा कोण, आपण! म्हणजे बघा, इथल्या ट्रकच्या टाकीला थोडासा हातभार तुमच्या सोलापूरच्या शेंगाचटणी विकणाऱ्याचा नसेल पण फरसाणवाल्याचा नक्की आहे.

२०२२ चा एप्रिल आठवतोय? इथे मिन्याक गोरेंग म्हणजे तळणाचं तेल मिळेना, आमच्या कामवाल्या इबू पहाटे उठून रांगेत, माणशी दोन लिटर. जगातला सगळ्यात मोठा पाम पिकवणारा देश आणि तळायला तेल नाही. मग सरकारनं तीन-साडेतीन आठवडे निर्यातच बंद केली आणि सासूबाईंचा पुण्याहून फोन, अगं तेलाचा डबा केवढ्याला झालाय. मी म्हटलं मी नाही हो केला.

चकलीताई | सोमवार, दुपारी ४.०५

डब्याचं नाव काढलंत म्हणून लिहिते. माझा फराळाचा छोटा कारखाना आहे, बारा बायका. तळून झालेल्या तेलाचा नियम १ जुलै २०१८ पासून आलाय, त्यातला खराब भाग २५ टक्क्यांवर गेला की ते तेल परत वापरायचं नाही. मोजायला मीटर आहे, थर्मामीटरसारखा गरम तेलात बुडवायचा, हिरवा लाइट, पिवळा लाइट, लाल लाइट. लाल लागला की डबा बाजूला.

आधी हे तेल खाण्याच्या हातगाडीवाले न्यायचे, मी डोळे मिटून द्यायचे, खोटं कशाला सांगू. आता एक मुलगा टेम्पो घेऊन येतो, पंधरा किलोचे डबे उचलतो, पावती देतो, म्हणतो ताई तुमचं तेल विमानात जाणार. मला वाटलं चेष्टा करतोय. खरंच जातं का हो? आणि जात असेल तर त्या विमानाला चकलीचा वास येत असेल का?

मळीवाला | सोमवार, रात्री ९.२०

@चकलीताई, वास येत नाही कारण आधी हायड्रोजन घालून तेलाचा कायापालट करतात, बाहेर येतं ते अगदी रॉकेलसारखं. आणि हो, खरंच जातं. आज जगातलं शाश्वत विमान इंधन म्हणतात ते बहुतेक असल्याच तेला-चरबीतून येतं, फिनलंडच्या नेस्टे कंपनीचे सिंगापूर-रॉटरडॅमचे कारखाने त्यावरच चालतात. आपल्याकडं इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला त्याचं सर्टिफिकेट २०२५ ला मिळालं. त्याआधी मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एक विमान गेलं त्यात मळीपासून केलेलं इंधन एखादा टक्का होतं, ते पुण्याच्या प्राज कंपनीनं केलेलं.

आता तुमच्या डब्यांचं गणित करू. मुंबई-लंडन मोठं विमान साठ-सत्तर टन इंधन पितं. घट वगैरे सोडून दिली तरी पंधरा किलोचे चार हजार डबे, एका फेरीला, एका बाजूला. तुमचे महिन्याला किती होतात?

चकलीताई | सोमवार, रात्री ९.३१

दिवाळी सोडून? सहा-सात. 😄

मळीवाला | सोमवार, रात्री १०.०५

तीच तर गोष्ट. २०२४ ला जगभरात असं विमान इंधन झालं दहा लाख टन, एकूण गरजेच्या ०.३ टक्के. आणि युरोपनं नियम केलाय की २०२५ ला २ टक्के, २०३० ला ६, २०५० ला ७० टक्के. आपणही परदेशी उड्डाणांसाठी २०२७ ला १, २०२८ ला २, २०३० ला ५ टक्के ठरवलंय. जगानं कितीही भजी तळली तरी एवढं तेल निघणार नाही. मग काय होतं? वापरलेलं तेल ताज्या तेलाच्या भावाला जाऊन टेकतं, आणि मग कोणीतरी ताजंच पामतेल ‘वापरलेलं’ म्हणून विकतोय असा संशय सुरू होतो. चीनहून युरोपात जाणाऱ्या मालावर तेच आरोप झाले. २०२४ च्या डिसेंबरला चीननं त्या तेलाच्या निर्यातीवरची करसवलत काढून घेतली आणि युरोपनं चिनी बायोडिझेलवर जादा शुल्क बसवलं.

दुसरा रस्ता इथेनॉलपासून विमान इंधन. होतं, अमेरिकेत जॉर्जियात लान्झाजेटचा प्लांट आहे. एक लिटर विमान इंधनाला पावणेदोन लिटरच्या आसपास इथेनॉल लागतं. बापूंना वाटेल चला गिऱ्हाईक मिळालं, पण युरोपच्या नियमात खाण्याच्या पिकापासूनचं इंधन बसत नाही, म्हणजे उसाचा रस आणि मका तिथं आधीच बाद. पैसेवाल्यांनाही धीर नाही, शेलनं रॉटरडॅमचा ८ लाख २० हजार टनांचा प्रकल्प २०२४ ला थांबवला आणि २०२५ ला गुंडाळलाच.

तरी मी म्हणेन विमानाचं गिऱ्हाईक टिकणारं आहे, कारण त्याच्यापुढं बॅटरी नाही. जहाजांचं अजून लटकलंय, ऑक्टोबर २०२५ ला लंडनला जहाजांच्या कार्बनबद्दल जागतिक नियम होणार होते ते मतदान वर्षभर पुढं ढकललं.

निवृत्त_वनपाल | मंगळवार, सकाळी ६.४०

तुमची चर्चा वाचून जुनी जखम उघडी पडली. दोन हजार चार-पाच साली मी विदर्भात एका परिक्षेत्रात होतो. वरून आदेश, मोगली एरंड लावा. तेव्हा सगळे त्याला जट्रोफाच म्हणायला लागले, इंग्रजी नाव लावलं की झाडालाही पगार वाढतो. शेळी तोंड लावत नाही, पाणी लागत नाही, पडीक जमिनीत येतं, बियांचं डिझेल होतं, काय नि काय. आम्ही टेकडीच्या टेकड्या लावल्या. झाड जगलं, खोटं नाही बोलत, पण बी धरेना. पाणी नाही तर फळ कुठून? शेळी तोंड लावत नाही याचा अर्थ असा की पेंडसुद्धा जनावराला घालता येत नाही, विषारी. फळं सगळी एकदम पिकत नाहीत, एकाच घोसात हिरवी, पिवळी, काळी, म्हणजे तोडणीला मजूर पाच वेळा पाठवा. शेवटी बी गोळा करायची मजुरी बीच्या भावापेक्षा जास्त. आणि एक दिवस शाळेतल्या पोरांनी शेंगदाण्यासारखं लागतं म्हणून बिया खाल्ल्या, सतरा पोरं उलट्या करत दवाखान्यात. वाचली सगळी.

२००९ च्या धोरणात होतं, २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के. आज काय आहे ते तुम्हीच सांगा. त्या टेकडीवर अजून झाडं आहेत, गावकरी कुंपणाला फांद्या नेतात.

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ८.५०

“इंग्रजी नाव लावलं की झाडालाही पगार वाढतो” 🙏 काका तुम्ही स्वतंत्र धागा काढा.

शंकासुर | मंगळवार, सकाळी १०.२०

वनपाल काकांनी एका पोस्टमध्ये सगळं सांगितलं. आता मळीवाल्यांना थेट प्रश्न, पराळीचं (भाताच्या पेंढ्याचं) इथेनॉल, बांबूचं इथेनॉल, तेही असंच होणार का? पानिपतला २०२२ ला मोठा गाजावाजा करून उद्घाटन झालं होतं.

मळीवाला | मंगळवार, दुपारी १.४०

थेट उत्तर देतो, रसायन चालतं, माल गोळा करणं चालत नाही. पानिपतचा प्लांट वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचा म्हणून बांधला, ९०० कोटींच्या वर खर्च. तेवढ्याच पैशात मक्यावरचे कितीतरी मोठे प्लांट उभे राहतात. पेंढा हलका, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. वर्षातून तीन आठवड्यांत सगळा उचलायचा आणि वर्षभर साठवायचा, आगीला जपत. त्यात माती आणि खडे, शिवाय भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर. मी अशाच एका दुसऱ्या प्लांटवर स्क्रू बदलताना बघितलाय, चांगला जाड स्टीलचा स्क्रू, पाती कडेनं अशी झिजलेली की सुरी. फिटर म्हणाला साहेब हा पेंढा नाही पॉलिश पेपर आहे. रोमानियात क्लॅरियंटनं पेंढ्यावरचाच प्लांट काढला, २०२३ ला बंद. आयोवाकरांनी नेवाडाचं सांगितलंच.

जिथं माल आधीच कारखान्याच्या दारात पडलेला असतो तिथं आशा आहे, म्हणजे उसाचं चिपाड. ब्राझीलमध्ये राइझेन कंपनी चिपाडापासून काढते. पण चिपाड बॉयलरमध्येही जातं आणि वीज विकूनही पैसे मिळतात, म्हणजे तिथंही स्पर्धा.

मग पुढं काय या मूळ प्रश्नावर माझं मत लिहून टाकतो, जोडे तयार ठेवा. आपण २००३ ला ५ टक्क्यांनी सुरुवात केली, २०१३-१४ ला दीड टक्क्यावर होतो, जून २०२२ ला १०, २०२५ ला २०. एवढ्या वेगानं चढलो हे कौतुकाचं आहे, त्यात माझीही रोजीरोटी. पण २० हा आकडा आपण खिळ्यानं ठोकलाय. ब्राझीलनं कधी ठोकला नाही. तिथं २०११ ला ऊस कमी पडला तर सरकारनं गुपचूप २५ चे २० केले, परत पीक आलं तेव्हा वाढवले. २०२४ च्या त्यांच्या नव्या कायद्यातही २२ ते ३५ असा पट्टा आहे. कारखाना साखरेकडं झुकतो, इथेनॉलकडं झुकतो, गाडीवाला नोझल बदलतो, सगळीकडं लवचीकपणा. आपल्याकडं आकडा हलत नाही म्हणून बाकी सगळं हलवावं लागतं, एका वर्षी उसाचा रस बंद, पुढच्या वर्षी मक्यावर भर, त्याच्या पुढच्या वर्षी सरकारी गोदामातला तांदूळ २,२५० रुपये क्विंटलनं. धरणात पाणी किती आहे ते बघून दार वरखाली करता आलं पाहिजे, आपण दार वेल्डिंग केलंय.

बापू_वाळव्याचा | मंगळवार, दुपारी ३.१०

सायेब, दार खाली करायचं म्हणता म्हंजे पयलं आमचंच पाणी बंद की. कर्जाचा हप्ता काय ‘लवचीक’ न्हाई. आदी कर्जाला पट्टा लावा, २२ ते ३५, मग टक्क्याचं बघू.

मळीवाला | मंगळवार, दुपारी ३.३५

बापू, ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. ब्राझीलमध्येही त्या काळात कित्येक कारखाने कर्जात बुडाले.

आयोवाकर | मंगळवार, रात्री ८.१५

बापूंचा मुद्दा इथेही तसाच आहे. इथले कितीतरी प्लांट शेतकऱ्यांनीच शेअर्स घालून काढलेत, माझ्या शेजाऱ्याचे आहेत. त्याच्या मुलानं गेल्या वर्षी इलेक्ट्रिक पिकअप घेतला. म्हातारा अंगणात उभा राहून म्हणाला, माझ्या मक्यावर शिकलास आणि हे आणलंस? आता दोघं त्यावर बोलत नाहीत. पिकअप मात्र मका वाहायला वापरतात.

जकार्ताची_जाऊबाई | मंगळवार, रात्री ९.००

चीनचं कुणी बोललंच नाही. त्यांनी २०१७ ला जाहीर केलेलं की २०२० पर्यंत देशभर १० टक्के इथेनॉल, मग मक्याचा साठा उतरला तसा तो बेत सोडून दिला आणि सरळ इलेक्ट्रिकवर गेले. सांडवा आटला तर बंद, बागायत होऊच दिली नाही. आता जकार्तात दर चौथी नवी गाडी चिनी इलेक्ट्रिक असावी असं रस्त्यावर वाटतं, पण ट्रक अजून पामवरच.

अंडेवाला_संगमनेर | मंगळवार, रात्री ९.४०

@सोयाबीन_पाटील दादा, तुमचा चार एकर मका निघाला की व्यनि (खासगी निरोप) करा. कोरडा असेल, ओलावा चौदाच्या आत, तर डिस्टिलरीपेक्षा वर भाव देतो. रोख.

सोयाबीन_पाटील | मंगळवार, रात्री ९.५२

केला व्यनि.

हेल्मेट_घाला | बुधवार, सकाळी ८.२०

अपडेट. काल कार्बोरेटर उघडला. जेटमध्ये तपकिरी गाळ होता, मेकॅनिकनं पिनेनं काढून दाखवला, नळी पण फुगलेली, ती बदलली. आज सकाळी टाकी फुल करून कात्रजला जाऊन आलो, बरोब्बर ५० दिले. मळीवाले दादा तुमचं गणित करेक्ट निघालं. आता उरलेले दोन किलोमीटर मागायला कुणाकडं जाऊ तेवढं सांगा, बापूंकडं की अंडेवाल्यांकडं?

बापू_वाळव्याचा | बुधवार, सकाळी ८.३१

या की वाळव्याला. दोन किलोमीटरचं न्हाई, काकवी देतो डबाभर. बिल निघालं की.